मेणावरच्या कोऱ्या ओळी

१

‘तुम्ही मेलेल्यांनासुद्धा सोडलं नाहीत.’

कफर झैताच्या चर्चच्या दारावर कुणीतरी हे कोळशाने लिहून ठेवलं होतं. खाली नाव नव्हतं, आणि ‘तुम्ही’ म्हणजे कोण तेही नव्हतं. अक्षर वेडंवाकडं होतं, उभ्याउभ्या घाईत काढलेलं. रविवारची सकाळ होती, उपासनेला अजून अवकाश होता. बरहदाद ओलं फडकं घेऊन दार पुसत होता. कोळसा लाकडाच्या रेषांमध्ये शिरला होता. ‘तुम्ही’ गेलं, ‘सोडलं नाहीत’ गेलं. मधला शब्द तेवढा राखाडी होऊन राहिला.

“जोर लाव की, शम्माशा,” पायरीवर बसलेला अद्दाय म्हणाला. “घाण्यावर बैल हाकतोस म्हणे. एवढं दार पुसवत नाही?”

“तू लाव हात.”

“मी दारवान. दार उघडायचं, दार लावायचं. धुवायचं मला कुणी सांगितलेलं नाही.” त्याने जैतुनाची बी अंगणात थुंकली. “पण एक बरं झालं. तुमच्या गावात लिहिता येतं हे कळलं. आमच्या शहरात समजतात की एकवाले म्हणजे सगळे मेंढरांमागे फिरणारे.”

अद्दाय नव्या याजकाबरोबर दहा दिवसांपूर्वीच गावात आला होता. जुना सैनिक, एका पायाने लंगडा, तोंडाने मात्र धडधाकट. बरहदाद गावचाच. वीस वर्षं तो या चर्चचा शम्माशा होता, म्हणजे याजकाच्या हाताखालचा दीक्षित सेवक. दिवे लावायचे, भाकर मांडायची, आणि दर रविवारी मधल्या ओट्यावर उभं राहून नावं वाचायची.

एकवाले आणि दोनवाले. ख्रिस्तामध्ये देव आणि माणूस असे मिसळले की त्यांचं एकच झालं, की एकाच अंगात ते दोन राहिले, हे ठरवायला समुद्रापलीकडे बिशपांची परिषद भरली होती. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. ठरवणारे मेले, भांडणारे मेले, आणि भांडण तेवढं धष्टपुष्ट होत राहिलं. या डोंगराळ मुलखातली गावं पहिल्यापासून एकवाली. मग सम्राट बदलला, आणि नव्या सम्राटाने ‘दोन’ असा कौल दिला. गावाचा जुना याजक निम्मं गाव घेऊन वरच्या डोंगरातल्या मेंढवाड्यात निघून गेला. उरलेल्या निम्म्यांसाठी शहरातून लिओंतियोस नावाचा याजक आला. त्याच्याबरोबर अद्दाय आला, आणि एक पत्र.

पत्रात सहा नावं होती. हद्दपारीत वारलेले बिशप मार हबीब, आणि मरताना दोनवाल्यांच्या प्रसादाची भाकर नको म्हणून ती जुन्या याजकाच्या हातून घेणारी गावची पाच माणसं. मृतांच्या पाटीवरून ही सहा नावं पुसावीत.

बरहदादने ती शुक्रवारी पुसली होती.

२

पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या, आतून मेण ओतलेल्या. एका फळीवर जिवंतांची नावं, सम्राटापासून गावच्या याजकापर्यंत. दुसऱ्या फळीवर मृतांची. लिहायला लोखंडी कलम. तिचं एक टोक अणकुचीदार आणि दुसरं चपटं, म्हणजे अक्षर चुकलं तर ते दिव्यावर गरम करून मेणावरून फिरवायचं. वीस वर्षांत बरहदादने त्या चपट्या टोकाने चुकाच पुसल्या होत्या. शुक्रवारी त्याने माणसं पुसली.

त्याला नाही म्हणता आलं असतं. वरच्या मेंढवाड्यात त्याचीही जागा होती. पण मृतांच्या यादीत एकतिसावी, शेवटची ओळ शमूनीची होती. त्याची मुलगी. दोन हिवाळ्यांमागे तापाने गेली, सातव्या वर्षी. तिनेही शेवटची भाकर जुन्या याजकाच्याच हातची घेतली होती. बरहदादने लिओंतियोसला हे आपण होऊन सांगितलं, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर अधिक वाईट झालं असतं.

“लेकरांना एक काय आणि दोन काय,” लिओंतियोस म्हणाला होता. “तिचं राहू दे.”

आणि बरहदादने त्या माणसाचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं होतं. मग त्याने कलम गरम केली.

त्या रविवारी नेहमीसारखंच सगळं झालं. बाप्तिस्मा न झालेली माणसं बाहेर गेली. अद्दायने दार लावून आतून अडसर घातला. या क्षणापासून भाकर वाटून होईपर्यंत ते कुणासाठीही उघडायचं नसतं. बरहदाद मधल्या ओट्यावर चढला. पाठीशी, पडद्यापलीकडे, याजक. समोर पुरुष, आणि त्यांच्या मागे दारापर्यंत बायका. त्याने पाटी उघडली आणि वाचायला लागला. एक नाव, मग एक श्वास, आणि त्या श्वासात सगळ्यांनी म्हणायचं, ‘आठवण ठेव.’ देवाला उद्देशून. एवढाच विधी.

“इब्राहिम, याजक.”

“आठवण ठेव.”

पुढची ओळ कोरी होती. मेण तिथे जरा जास्त गुळगुळीत होतं आणि चकाकत होतं. ती ओलांडून त्याला सरळ पुढचं नाव घ्यायचं होतं. पण छातीला वीस वर्षांची सवय. त्या जागेचा श्वास तिने घेतलाच.

आणि त्या श्वासात मागून उत्तर आलं, “आठवण ठेव.”

सगळ्यांचं नाही. एकाच पुरुषाचा आवाज, म्हातारा, जराही घाई नसलेला. दाराच्या बाजूने. जिथे बायका उभ्या असतात.

बरहदादचं बोट ओळीवर थांबलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. त्याने पुढचं नाव घेतलं, सगळ्यांनी उत्तर दिलं. पुढे आणखी पाच कोऱ्या ओळी आल्या. त्या घाईने ओलांडायचं त्याने ठरवलं, पण पाचही वेळा श्वास आला, आणि पाचही वेळा उत्तर आलं. दर वेळी एकच आवाज, दर वेळी वेगळा. त्यातला एक बाईचा होता.

“शमूनी, बरहदादची लेक,” त्याने शेवटी वाचलं.

“आठवण ठेव,” सगळे म्हणाले. या नावाला लोक नेहमीच जरा मोठ्याने म्हणायचे. बायकांमधून त्याची बायको बस्सीमा हिने मान वर केली. ती फक्त या एका नावासाठी यायची.

३

“सवय,” लिओंतियोस म्हणाला. उपासनेनंतर मागच्या खोलीत तो अंगावरची वस्त्रं उतरवत होता. तरुण होता, सर्दीने बेजार, आणि वाईट माणूस नव्हता. हेच बरहदादला जड जायचं. “तुला श्वासाची सवय, त्यांना उत्तराची. तोंडं आपोआप हलतात. दोन-तीन रविवार जातील, मग बंद होईल.”

“सगळ्यांना सवय आहे, अब्बा. मग एकेकच का बोलला?”

“जो चुकला तो बोलला. बाकीच्यांनी जीभ आवरली.” याजकाने नाक पुसलं. “तू फार विचार करतोस. जरा झोप घेत जा.”

ते पटण्यासारखं होतं आणि बरहदादला पटवून घ्यायचंही होतं. सोमवारी दुपारी घाण्याचे बैल सोडल्यावर तो एकटाच चर्चमध्ये गेला. दार लावलं. ओट्यावर उभं राहून त्याने पाटी उघडली आणि सगळी यादी वाचली, कोऱ्या ओळींवर मुद्दाम लांब श्वास घेतला. काही आलं नाही. भिंतीचा दगड त्याचाच आवाज थोडा जाड करून परत देत होता, इतकंच. छपराच्या तुळईवर कबुतर पंख झाडत होतं. त्याने टाळी वाजवून पाहिली, खोकून पाहिलं. दाराशी उभं राहून बोललं तर ओट्यावर कसं ऐकू येतं ते कळायला त्याने एक खडा दारावर फेकला.

चर्च म्हणजे एक मोठी दगडी खोली, बाकी काही नाही. तो हसलासुद्धा. मग बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं की आत असताना दर कोऱ्या ओळीला तो दाराकडे पाहत होता, आणि दार लावताना त्याने अडसर घातला नव्हता. कुणाला यायचं असलं तर येता यावं, म्हणून.

४

दुसऱ्या रविवारी त्याने श्वास घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि तो नुसता कान देऊन वाचत गेला. श्वास आला. उत्तरं आली. तिसऱ्या कोऱ्या ओळीला जो बोलला तो ‘आठवण’ म्हणून थांबला, घसा खाकरला, आणि मग ‘ठेव’ म्हणाला.

ती ओळ सर्गीसची होती. सर्गीस घाण्यावर बरहदादच्या शेजारी अठरा वर्षं काम करत होता. छाती भरून मेला.

त्या संध्याकाळी सर्गीसची बायको कामीर घाण्यावर आली. टोपलीत तिने काहीच आणलं नव्हतं. जैतुनाच्या चोथ्याच्या ढिगाशी ती उभी राहिली आणि सुरुवातच शिव्यांनी केली.

“मेल्या, माझ्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यास ना इथे बसून? त्याच्या ताटातलं लोणचं उचलून खायचास. आणि त्याचं नाव घ्यायला जीभ झडली तुझी?”

“मावशी, पत्र आलंय वरून.”

“वरून म्हणजे कुठून रे? देवाकडून?”

बरहदादने तेल पिळायच्या मळसूत्राची दांडी फिरवली. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “पण तो आला होता. ऐकलंस ना तू?”

त्याच्या हातातली दांडी अर्ध्यावरच थांबली.

“तू ऐकलंस. तुझं तोंड सांगतंय. दाराच्या पलीकडून बोलला. मी दाराला टेकूनच उभी असते, मला कोण फसवणार? मेला खाकरला बघ, जसा न्याहारीला बसताना खाकरायचा.” ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “इतके दिवस तू त्याचं नाव घ्यायचास आणि आम्ही म्हणायचो. त्याला बोलायची गरजच काय होती? आता नाव घेणारं कुणी राहिलं नाही म्हटल्यावर त्याचं त्यालाच म्हणावं लागतं.”

बरहदादला वाटलं की बैल थांबला, जातं थांबलं, सगळंच थांबलं. बैल फिरतच होता.

“मी फळीला तोंड लावून हाक मारली,” कामीर सांगत होती. “सर्गीस, म्हटलं. अरे सर्गीस, मी आहे. ओ दिली नाही रे. त्याला त्या नावाने कुणी हाक मारतंय हे कळलंच नाही बहुतेक.”

हे दुसरं बोलणंही बरहदादने ऐकलं. पण तो पहिल्यापाशीच, नाव गेलं की आवाज येतो यापाशीच, अडकून पडला होता.

त्यानेच ती गोष्ट लिओंतियोसला सांगितली, नाव न घेता, दारापलीकडून आवाज येतो एवढीच. याजकाचा चेहरा उजळला.

“बघ, म्हणजे डोंगरावरची टारगट पोरं. बाहेर उभं राहून आपली थट्टा करतात.” त्याने अद्दायला बोलावलं. “पुढच्या रविवारपासून तू दाराबाहेर उभा राहायचं. आतला अडसर बायकांपैकी कुणी घालील.”

“आणि थंडीत माझा पाय आखडला तर?”

“तर दुसऱ्या पायावर उभा राहा.”

५

शमूनीचं उत्तर नेहमी उशिरा यायचं.

सगळं चर्च ‘आठवण ठेव’ म्हणून मोकळं झालं की मागून, बायकांमधून, बारीक आवाजात एक ‘आठवण ठेव’ यायचं. दर नावाला. माणसं हसायची. जुना याजकसुद्धा पडद्याआड हसायचा. बस्सीमा तिला चिमटे काढायची, पण उपयोग नसे, कारण पोर शब्द ऐकतच नव्हती. ती ओट्यावरच्या बापाकडे बघत असायची, त्याने पुढच्या नावासाठी तोंड उघडलं की तिला मागचं आठवायचं.

गेल्यावर वर्षभर बरहदादला प्रत्येक नावानंतर तेवढी जागा ऐकू यायची. मग ती जागा बुजली. तिचा आवाज कसा होता हे त्याला माहीत होतं, पण कानात आणता येत नव्हता. तिचा चेहरा येई, केसांतला जैतुनाच्या तेलाचा वास येई, द्राक्षांच्या काकवीने चिकट झालेले हात येत. आवाज येत नसे.

“बस्सीमा,” शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, “तिचा आवाज आठवतो तुला?”

बस्सीमाने मसुरीच्या वाटीतून डोळे वर केले नाहीत. “आता कशाला?”

“आठवतो का?”

“नाही.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “पण आठवड्यातून एकदा चारचौघांत तिचं नाव ऐकू येतं. तेव्हा वाटतं, होती. मी काही स्वप्नात बाळंत झाले नव्हते. तेवढं पुरतं मला.” मग जरा थांबून म्हणाली, “वरच्या मेंढवाड्यात माझी सख्खी बहीण जाते. मला बोलते, दोनवाल्यांची भाकर खातेस म्हणून. खाते. तिकडे आपल्या पोरीचं नाव वाचायला पाटी कुठे आहे?”

बरहदादने मान हलवली. त्याला तिला सांगायचं होतं की नुसत्या नावाहून जास्त काही मिळू शकतं. फक्त एक रविवार. मग पुन्हा लिहून टाकायचं. कलम त्याच्याच हातात होती, दोन्ही टोकांची.

तो बोलला नाही. ती नाही म्हणाली असती.

६

शनिवारी दुपारी त्याने दिव्यांत तेल घातलं. नंतर एका दिव्यावर कलम धरली.

इतर सहा नावांच्या वेळी त्याने कलम दोनदा खाली ठेवली होती. आता एकदाही ठेवली नाही. आपण आज्ञा पाळत नाही आहोत, हे आपल्या मनाने, प्रेमापोटी करतो आहोत, असं त्याला वाटत होतं, आणि त्या विचाराची एक प्रकारची ऊबही होती. लोखंड मेणावर टेकलं. मधाचा आणि धुराचा वास आला. पहिलं अक्षर बसलं, मग दुसरं. ‘बरहदादची लेक’ हे शब्द त्याने आधी ठेवायचं ठरवलं होतं, पण नुसतेच ते शब्द वाचायला विचित्र दिसत होते. तेही गेले.

बाहेर अद्दाय कुणाला तरी मोठ्याने आपल्या लढायांची गोष्ट सांगत होता. बरहदादने पाटी मिटली. त्याला इतकी भूक लागली होती की देवापुढे मांडायच्या भाकरींकडे त्याला बघवेना.

७

तिसऱ्या रविवारी थंडी होती आणि ऊन लख्ख होतं. दार लागलं, अडसर पडला. दाराखाली बोटभर फट होती, त्यातून अंगणाच्या उजेडाची पांढरी रेघ आत येत होती. ओट्यावरून, माणसांमधल्या वाटेतून, ती सरळ दिसत होती. रेघेच्या डाव्या टोकाला अद्दायच्या पायताणांचे दोन जाड डाग होते, एक जरा पुढे, एक मागे.

बरहदाद वाचायला लागला.

पहिली कोरी ओळ. म्हातारा बोलला, मार हबीब असावेत. दुसरी. तिसरीला सर्गीस खाकरला, आणि कामीरने फळीवर तळहात टेकलेला त्याला दिसला. चौथी, पाचवी, सहावी. आता उत्तरं येण्याची त्याला भीती वाटत नव्हती. ती येणार नाहीत याची वाटत होती.

तिसाव्या ओळीचं नाव झालं. लोकांनी उत्तर दिलं.

बस्सीमाने मान वर केली.

त्याने श्वास घेतला. या एका श्वासासाठी त्याने सगळं केलं होतं. बस्सीमा बघत होती, तिचे ओठ उत्तरासाठी अर्धे उघडे होते. शेजारच्या बायकाही थांबल्या होत्या, हे नाव सगळ्यांना पाठ होतं. कुणीच काही बोललं नाही. श्वास संपत आला. दाराकडून काही आलं नाही.

नाही, त्याने स्वतःला सांगितलं. ती उशिरा म्हणते.

बस्सीमाचे ओठ मिटले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात कुणी ओळखीचं न बोलता पुढे निघून जावं आणि आपण बघत राहावं, तसा तो चेहरा होता.

आणि तेव्हा आलं. बारीक, सगळ्यांच्या मागून, सगळं संपल्यावर.

“आठवण ठेव?”

तिचाच आवाज. दोन हिवाळे त्याने जो कानात आणायची धडपड केली तो, जसाच्या तसा. पण शेवटी तो वर गेला होता. ती म्हणत नव्हती, विचारत होती.

दाराखालच्या पांढऱ्या रेघेत, उजव्या टोकाला, दोन छोटे डाग होते. अनवाणी पावलांएवढे. शेजारी शेजारी.

“आठवण ठेव?” पुन्हा आलं. जरा थांबून, “आठवण ठेव?” कुणाची, हे जणू तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि कुणी सांगेपर्यंत ती विचारत राहणार होती.

कामीर दाराकडे वळून फळीला कान लावून उभी होती. बाकी कुणी वळलं नाही. बस्सीमाने ऐकलं नाही. तिला फक्त न घेतलेलं नाव ऐकू आलं होतं.

तो ओरडू शकत होता. दार उघडा, एवढेच दोन शब्द. नाहीतर नुसतं ‘शमूनी’ म्हणू शकत होता, पाटीवर असो वा नसो, मोठ्याने, सगळ्यांसमोर. पडद्याआड लिओंतियोस शिंकला आणि थांबून राहिला. शम्माशा अडला की याजक थांबतो. लोक थांबले होते. वीस वर्षांत बरहदाद पाटीबाहेरचा एक शब्द त्या ओट्यावरून बोलला नव्हता.

त्याने फळी उलटली आणि जिवंतांची नावं सुरू केली. पहिलं नाव सम्राटाचं.

“रक्षण कर,” लोक म्हणाले. जिवंतांसाठी तसं म्हणायचं असतं.

“आठवण ठेव?” दारापलीकडून आलं. महाबिशपांच्या नावाला आलं. बिशपांच्या नावाला आलं. दर वेळी तितक्याच धीराने, दर वेळी थोडं लांबून. लिओंतियोसचं नाव वाचताना बरहदादने दाराकडे पाहिलं. रेघ पांढरी होती, डाव्या टोकाच्या पायताणांपर्यंत अखंड.

८

भाकर वाटून होताच तो धावला. अडसर त्यानेच काढला. अंगणात ऊन होतं, विहीर होती, दोरीला बांधलेली बकरी होती. दोघे-तिघे लंगडत्या अद्दायला बाजूला सारून बाहेर पडले. बरहदादने हाक मारली. तीनदा मारली, भिंतीपाशी जाऊन, मग वाटेपर्यंत जाऊन. आता तिचं नाव घ्यायला त्याला काहीच अडचण येत नव्हती.

बस्सीमा मागून आली. तिने त्याची बाही धरली.

“विसरलास?” ती म्हणाली.

त्याची नजर वाटेवरच होती.

“विसरलास म्हण. चालेल मला. डोक्यात दुसरं काही होतं, ओळ सुटली, एवढं म्हण.”

“मी पुसलं,” तो म्हणाला. “तिचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून. बस्सीमा, ती आली होती. इथे उभी होती.”

तिने बाही सोडली. ती पदर डोक्यावरून पुढे ओढून वरच्या डोंगराच्या वाटेला लागली, बहिणीकडे. एकदाही मागे न बघता.

तो मागच्या खोलीत गेला. पाटी लिओंतियोसच्या हातात होती. शेवटची ओळ त्याने पाहिली होती.

“हे कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी नाही. अब्बा, द्या ती इकडे. आत्ता लिहितो.”

“लिहितो?” याजकाने पाटी मिटली. “अरे बाबा, पुसायला माझी सही पुरते. मृतांत नाव घालायला बिशपांचं पत्र लागतं. ते पहिलं विचारतील, मुलीने शेवटची भाकर कुणाच्या हातची घेतली. मी काय कळवू?”

“तुम्हीच म्हणालात, लेकरांना एक काय आणि दोन काय.”

“म्हणून तर मी कुणाला विचारलं नव्हतं. होतं ते राहू दिलं होतं.” त्याच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. “राहू देणं माझ्या हातात होतं, बरहदाद. लिहिणं नाही.” त्याने पाटी पेटीत ठेवली, कलमही ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

बरहदाद बाहेर येऊन पायरीवर बसला. गाव पांगलं होतं. अद्दाय आपल्या वाट्याची भाकर घेऊन आला, दुखरा पाय लांब करून शेजारी टेकला आणि चावता चावता बोलायला लागला.

“याजकबाबांना सांग, टारगट पोरं-बिरं कुणी नव्हती. एक चिमुरडी तेवढी आली होती, पायात काही नाही, कुडकुडत होती. कुणाची गं तू, म्हटलं, तर सांगता येईना. दार ढकलायला लागली. मी म्हटलं, ते आत्ता उघडत नाहीत बाळ, आत तुझं कुणी असेल तर नाव घेऊन बोलावतील तुला. उभी राहिली बिचारी बराच वेळ. मग गेली.”